मुष्टियुद्धाची हौस आणि वेळेचा हिशेब

(ज्ञातिमंडळाच्या जळगाव येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून सकाळपासून वधूवर-सूचना, शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह या विषयांवर जाणत्या वक्त्यांची भाषणे झाली. त्यानंतर आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या एका सेवानिवृत्त शिक्षकाने मुष्टियुद्धावर, म्हणजे आपली मुले ज्यास बॉक्सिंग म्हणतात त्यावर, बोलावयास उभे राहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. कार्यक्रमपत्रिका वाचून एका वयोवृद्ध बंधूंनी आम्हांस विचारलेच, "गुरुजी, जन्मभर मुलांच्या मारामाऱ्या सोडविल्यात, आता शिकविणार काय?" प्रश्न थट्टेचा होता, परंतु शंका खरी होती.

आमचे बोलणे निष्कारण नाही. आपल्या कार्यकारिणीपुढे तरुणांचा एक अर्ज पडून आहे. समाजाच्या कार्यालयातील दालन आठवड्यातून तीन दिवस पहाटे साडेपाच ते सव्वासहा या वेळात मुष्टियुद्धाच्या सरावास मिळावे, एवढीच त्यांची मागणी आहे. त्यावर तीन आक्षेप आले. पहिला असा की, दुकान, नोकरी आणि शेती सांभाळणाऱ्यांना हा खेळ शिकावयास वेळ कोठून मिळणार? दुसरा, हा खेळ अपायकारक आहे. तिसरा, त्याने मुले दांडगट होतील. या तिन्ही आक्षेपांचा विचार आम्ही क्रमाने करणार आहोत.

तत्पूर्वी एक गैरसमज दूर करू. हा खेळ परकीय आहे असे पुष्कळांना वाटते. भागवतातील कंसाच्या आखाड्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. श्रीकृष्णाने चाणूरास लोळविले आणि बलरामाने ज्यास मारले त्या मल्लाचे नावच मुष्टिक होते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून त्यात मल्लांचा आहार आणि व्यायाम यांचा विचार केलेला आहे. म्हैसूरच्या दसऱ्यातील वज्रमुष्टीची कुस्ती तर प्रसिद्धच आहे. ग्रीक लोकांच्या प्राचीन ऑलिंपिक उत्सवात मुष्टियुद्धाचा समावेश इसवी सनापूर्वी ६८८ मध्ये झाला असे सांगतात. मूठ ही कोणत्याही एका देशाची मालमत्ता नाही.

इंग्रजांकडून आपण घेतले ते या खेळाचे नियम. १८६७ साली लंडनमध्ये क्वीन्सबेरीचे नियम या नावाने जी नियमावली प्रसिद्ध झाली, तिने हातमोजे आवश्यक केले, तीन मिनिटांचा एक फेरा आणि त्यानंतर एक मिनिट विश्रांती ठरविली आणि पडलेल्या माणसास उठावयास दहा सेकंद दिले. पडलेल्यावर हात उचलावयाचा नाही हा आपल्या धर्मयुद्धातील दंडक तेथेही आहे. पुढे हा खेळ आपल्याकडे लष्कर, पोलीस आणि रेल्वे यांच्या आश्रयाने वाढला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे मुष्टियोद्धे प्रथम उतरले. १९४९ साली अखिल भारतीय हौशी संघटना स्थापन झाली. १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत पदम बहादूर मल्ल यांनी भारतास या खेळातील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. आणि २००८ साली बीजिंग येथे हरियाणातील भिवानीच्या विजेंदर सिंग यांनी या खेळातील आपले पहिले ऑलिंपिक पदक आणले. आज शालेय स्पर्धांतही मुष्टियुद्ध आहे. आम्ही स्वतः नोकरीत असताना मुलांना घेऊन अशा स्पर्धांस गेलो आणि तेथेच या खेळाकडे प्रथम डोळे उघडून पाहिले.

आता पहिला आक्षेप, वेळेचा. आपल्या समाजातील बहुतेक तरुणांचा दिवस आम्हांस ठाऊक आहे. दाणाबाजारातील मुलगा सकाळी नऊला पेढीवर जातो तो रात्री नऊला सुटतो. यावल-रावेरकडचा मुलगा केळीच्या बागेत वीज येईल त्या वेळी पाणी धरावयास जातो, मग ती रात्रीची दोनची का असेना. अशा माणसास रोज तीन तास तालमीत घाम गाळ असे सांगणे म्हणजे त्याची थट्टा करणे होय. परंतु मुष्टियुद्धाचा विशेष हाच की, हा खेळ मुळात घड्याळावर चालतो. हौशी सामन्यात तीन मिनिटांचे तीन फेरे असतात. नऊ मिनिटांची झुंज आणि मध्ये दोन मिनिटांची विश्रांती, म्हणजे अकरा मिनिटांत सामना आटोपतो. जो खेळ अकरा मिनिटांत संपतो, त्याचा सराव पाऊण तासात होऊ शकत नाही असे कोण म्हणेल?

आम्ही शिक्षक असल्यामुळे हिशेब मांडल्याविना आम्हांस राहवत नाही. तीन मिनिटे काम आणि एक मिनिट विश्रांती मिळून चार मिनिटांचे एक आवर्तन धरू. पाऊण तासात अशी अकरा आवर्तने बसतात. पहिली दोन दोरीवरच्या उड्यांची. पुढील तीन आरशासमोर पवित्रा, पावले आणि हवेतील ठोसे यांची. यास छायायुद्ध म्हणतात. त्यापुढील तीन पिशवीवर ठोसे मारण्याची. दोन जोडीदाराबरोबर, एकाने सांगून ठोसा मारावयाचा आणि दुसऱ्याने तो अडवावयाचा अशी. शेवटचे एक अंग मोकळे करण्याचे. एकूण अकरा. त्यात गप्पांस जागा नाही, भ्रमणध्वनीस तर मुळीच नाही. लग्नसराई, दिवाळी, पेरणी आणि कापूसवेचणी यांसाठी वर्षाचे बारा आठवडे सोडून दिले, तरी चाळीस आठवडे उरतात. आठवड्यास तीन दिवस धरले तर १२० दिवस, म्हणजे ९० तास होतात. नव्वद तासांत कोणी ऑलिंपिकवीर होत नाही. परंतु नव्वद तासांत माणूस नीट उभे राहावयास, नीट श्वास घ्यावयास आणि आपली मूठ आपल्या ताब्यात ठेवावयास निश्चित शिकतो.

या ९० तासांत काय शिकावे, याचा क्रम मात्र पक्का हवा. वेळ थोडा असला म्हणजे नवशिक्यास ठोसा मारण्याची घाई होते आणि तेथेच त्याचा वेळ वाया जातो. ज्यांच्यापाशी आमचे सात-आठ तरुण आणि आम्ही स्वतः धडे घेतले, ते फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार आहेत. त्यांनी पहिला संपूर्ण महिना आम्हांस एकही ठोसा मारू दिला नाही. केवळ उभे राहावयास आणि चालावयास शिकविले. उजव्या हाताच्या माणसाने डावा पाय पुढे ठेवावा, पावलांत खांद्याएवढे अंतर असावे, मागची टाच किंचित उचललेली, गुडघे सैल, हनुवटी खाली, कोपरे बरगड्यांजवळ आणि दोन्ही मुठी गालांपाशी असाव्यात. पुढे जाताना पुढचा पाय आधी आणि मागे येताना मागचा पाय आधी उचलावा. पावलांची कात्री कधी होऊ देऊ नये. ऐकावयास हे सोपे वाटते. आरशासमोर तीन मिनिटे करून पाहावे, म्हणजे पोटऱ्याच उत्तर देतात.

दुसऱ्या महिन्यात सरळ ठोसे, डावा आणि उजवा. अंगठा मुठीच्या आत न घेता बाहेर ठेवावा, मनगट सरळ असावे आणि पहिल्या दोन बोटांच्या पेरांनी आघात व्हावा. या तीन गोष्टी पाळल्या नाहीत तर आपल्याच हाताचे हाड मोडते. ठोशाचे बळ दंडात असते ही समजूत चुकीची आहे. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणारा राखणदार आपण पाहिला असेल. त्याचा दगड दूर जातो तो पायांच्या रेट्याने आणि कमरेच्या झोताने. हात केवळ शेवटी सुटतो. ठोशाचेही तसेच आहे. तिसऱ्या महिन्यात ठोसा अडविणे, चुकविणे आणि एक पाऊल मागे जाणे. त्यानंतरच बाजूने येणारा हुक आणि खालून वर जाणारा अपरकट. सहा महिने झाल्यावर जोडीदाराबरोबर हलक्या हाताने, छाती-पोटावरच, देखरेखीखाली लुटुपुटुची झुंज. थोड्या वेळात थोडेच शिकावे, पण जे शिकावे ते पुन्हा शिकावे लागू नये, हे सूत्र आम्ही वर्गातही पाळीत होतो.

वेळ नाही ही तक्रार ऐकली म्हणजे आम्हांस बहिणाबाई चौधरी आठवतात. आपल्या जळगावजवळच्या आसोद्याची ही लेक १८८० साली जन्मली. तिला अक्षरओळख नव्हती, घरचे आणि शेताचे काम सुटत नव्हते. जात्यावर बसताना आणि शेतात राबताना तिने ओव्या रचल्या. त्यांसाठी निराळा वेळ तिला कोणी काढून दिला नाही. १९५१ साली ती गेल्यानंतर तिच्या मुलाने त्या महाराष्ट्रापुढे आणल्या. छंद वेळेवर जगत नाही, नेमावर जगतो. रविवारी तीन तास एकदम घाम गाळून सोमवारी अंथरुणास खिळण्यापेक्षा आठवड्यातील तीन पहाटा प्रत्येकी पाऊण तास केव्हाही श्रेयस्कर.

पहाटेचीच वेळ का, हे खानदेशी माणसास सांगावयास नको. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत सूर्य वर आल्यावर असा व्यायाम करणे म्हणजे उष्माघातास आमंत्रण देणे आहे. त्या दोन महिन्यांत पिशवी आणि दोरी बंद ठेवून केवळ पावलांचा सराव करावा, पाणी पुरेसे घ्यावे. आहाराचेही अवडंबर नको. आपली कळण्याची भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध आणि घरचे केळे यांवर हा छंद सहज चालतो. बाजारातील रंगीत डब्यांतील भुकटीची हौशी माणसास गरज नाही.

साहित्याविषयी दोन शब्द. हाताला गुंडाळावयाची पट्टी सुमारे साडेचार मीटर लांब असते. ती बोटे आणि मनगट बांधून धरते, म्हणून मोज्याइतकीच महत्त्वाची. जोडीच्या सरावास जाड मोजे, सोळा औंसांचे, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमचे, घ्यावेत. दातांसाठी रबरी कवच प्रत्येकाचे स्वतःचे असावे. पिशवी मात्र घरी तयार होते. तागाच्या मजबूत गोणीत शिंप्याकडील चिंध्या आणि कापडाचे तुकडे ठासून भरावेत. वाळू भरू नये. ती तळाशी बसून दगडासारखी होते आणि मनगटे दुखावते. कापसाच्या या मुलखात चिंध्यांचा तुटवडा पडणार नाही.

आता दुसरा आक्षेप, अपायाचा. तो आम्ही मान्य करतो. किंबहुना ज्यांनी तो घेतला त्यांचे आम्ही आभार मानतो. १९२८ साली अमेरिकेतील डॉ. हॅरिसन मार्टलंड यांनी, वर्षानुवर्षे डोक्यावर ठोसे खाल्लेल्या धंदेवाईक मुष्टियोद्ध्यांची चाल अडखळते, बोलणे जड होते आणि बुद्धी मंद होते, असे वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. पुढील संशोधनाने ते खरे ठरविले. मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो. बाहेर जखम दिसत नाही, म्हणून तो सुखरूप आहे असे मानू नये. डोक्यावरील संरक्षक टोपाने कातडी फाटणे कमी होते, आतील हिंदकळणे थांबत नाही. म्हणूनच आमचे सांगणे असे की, छंद म्हणून शिकणाऱ्याने डोक्यावर ठोसा देऊ नये आणि घेऊ नये. पिशवी, छायायुद्ध आणि छाती-पोटावरील हलका सराव यांत या विद्येचा फार मोठा भाग हाती येतो. चुकून डोक्यास मार लागलाच आणि गरगरले, मळमळले किंवा क्षणभर भान हरपले, तर सराव त्याच क्षणी थांबवावा, वैद्यास दाखवावे आणि त्याची अनुज्ञा मिळेपर्यंत परत येऊ नये. ज्यांना स्पर्धेत उतरावयाचे आहे, त्यांनी जिल्ह्यातील अधिकृत प्रशिक्षकाकडेच जावे. आपले दालन ती जबाबदारी घेणार नाही. चाळिशी उलटलेल्यांनी रक्तदाब आणि हृदय तपासून घेतल्याशिवाय दोरीसही हात लावू नये. आम्ही स्वतः तसे केले आणि वैद्यांच्या सांगण्यावरून दोरीची आवर्तने अर्धीच ठेवली आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. मुले दांडगट होतील काय? प्रथम हे पाहावे की, आज ती काय करीत आहेत. वरातीत वाद्यांचा कल्लोळ चालू असतो, कोणाचा तरी पाय कोणाच्या तरी पायावर पडतो आणि दोन घराण्यांचे संबंध जन्माचे तुटतात. असे प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहेत आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्याही आपल्यापैकी काहींनी चढल्या आहेत. त्या मुलांना मुष्टियुद्ध कोणी शिकविले होते? राग हा अडाणीच असतो. त्यास शिकविल्याने तो वाढत नाही, शहाणा होतो.

आमच्याबरोबर शिकणारा एक तरुण सायकल-दुरुस्तीचे दुकान चालवितो. एरवी तापट म्हणून ओळखला जाणारा. आठ महिन्यांच्या सरावानंतर एका लग्नात, आमच्या डोळ्यांदेखत, कोणी नशेत त्याच्यावर हात उगारला. त्याचे दोन्ही हात सवयीने वर गेले, परंतु तळवे उघडे होते. त्याने तडाखा मनगटावर झेलला, दोन पावले मागे घेतली आणि तो बाजूस झाला. सोबत्यांनी हिणविले, "एवढे शिकून काय उपयोग?" तो म्हणाला, "मागे पाऊल घ्यायला मला चार महिने लागले. ते काय फुकट घालवू?" कित्येक वर्षे नीतिपाठ शिकवून आम्हांस जे साधले नाही, ते या मुलास नव्वद तासांच्या आत साधले होते. ज्यास आपल्या ठोशाचे वजन माहीत असते तो तो उगाच खर्च करीत नाही. भ्याड माणूस आणि दांडगट माणूस या दोघांनाही मार खाण्याची भीती असते. एक पळतो, दुसरा आधी मारतो. अंगावर आलेला ठोसा डोळे न मिटता पाहावयास जो शिकला, त्यास या दोहोंपैकी काहीच करावे लागत नाही.

स्पर्धेत न उतरणाऱ्यास या विद्येचा काय उपयोग, असे विचारणाऱ्यांनी सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे चरित्र पाहावे. ते फौजेत मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुष्टियुद्ध कायमचे सुटले. पण सरावाची सवय सुटली नाही. ते पोहावयास लागले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी पॅरालिंपिकमधील भारताचे पहिले सुवर्णपदक जिंकले. खेळ बदलतो, नेम कामास येतो.

भगिनींनो, आपल्या मुलींविषयी बोलल्याशिवाय हे भाषण अपुरे राहील. स्त्रियांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये प्रथम आले ते २०१२ साली, लंडन येथे. आणि त्याच वेळी मणिपूरच्या मेरी कोम यांनी कांस्यपदक मिळविले. २००७ साली त्यांना जुळे मुलगे झाले होते आणि पुढच्याच वर्षी त्यांनी चौथे जागतिक अजिंक्यपद जिंकले होते. संसार आणि वेळ यांचा मेळ कसा घालावा हे त्यांच्याहून अधिक कोण जाणेल? त्यांच्या मागून आसामच्या लवलीना बोरगोहाईं यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, कांस्यपदक आणले आणि निजामाबादच्या निखत झरीन २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे जगज्जेत्या झाल्या. आपल्या मुली शिकवणीस आणि महाविद्यालयास एकट्या जातात, बसने तालुक्याहून येतात. त्यांना पदक नको असेल. पण ताठ मानेने चालण्याची सवय हवीच आहे. म्हणून तीनपैकी एक दिवस केवळ मुलींसाठी राखावा आणि त्या दिवशी एका वडीलधाऱ्या भगिनीने उपस्थित राहावे, अशी सूचना आम्ही अर्जास जोडतो.

समाजाकडे आमची मागणी मोठी नाही. दालन आहे, ते पहाटे रिकामे असते. मुहूर्ताच्या दिवशी सराव बंद राहील आणि झाडलोट तरुण स्वतः करतील. मोज्यांचे चार जोड, दोन गोण्या, काही दोऱ्या, एक मोठा आरसा आणि सर्वांस दिसेल असे एक भिंतीवरचे घड्याळ, एवढेच साहित्य लागेल. १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. त्यांच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी जमविली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून पैसे दिले. आम्ही आपणांस घर गहाण टाकावयास सांगत नाही. पाऊण तास दालन उघडावयास सांगत आहोत. घड्याळ आम्ही स्वतः देऊ. ते विकत घेऊन ठेवलेही आहे.

कार्यकारिणीने या अर्जाचा निर्णय पुढील सभेत करावा आणि ज्या पालकांच्या मनात अजून शंका असेल त्यांनी एका पहाटे आमच्या अंगणात येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, अशी नम्र विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.